पान येणारच होतं

जुबैल असो, दम्माम असो की रियाध, चार मराठी माणसं कामाला असली की त्यांत एक दादा निघतोच. वय पन्नाशीच्या पुढे, हुद्दा ‘सीनिअर’ने सुरू होणारा, इकाम्यावरचा, म्हणजे निवास परवान्यावरचा, फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा. गुरुवारी रात्री त्यांच्याच खोलीत पत्त्यांचा डाव पडतो. 2013 साली सौदीची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली, तेव्हा डावही बुधवारवरून गुरुवारवर आला. बाकी काही बदललं नाही. चटई तीच, काळा चहा तोच, आणि दादांची बैठक एसीच्या बरोबर खाली.

पैशांचा प्रश्नच नाही. या देशात जुगाराला बंदी आहे आणि नोकरी घालवून दुसऱ्याला तीन एक्के दाखवायची हौस कुणालाच नाही. आम्ही खजुराच्या बिया लावतो. खलासची बी म्हणजे एक, अजवाची म्हणजे पाच. रात्र संपताना ज्याच्यापुढे सर्वांत कमी बिया, त्याने शुक्रवारी बिर्याणीचं पातेलं घासायचं. तळाला करपलेलं पातेलं डोळ्यांसमोर असलं की खजुराच्या बीलासुद्धा केवढी किंमत येते, ते पाहायला या एकदा.

पूर्वी तीन पत्ती चालायची. मग नवी पोरं आली आणि पोकर घेऊन आली. दोन पानं हातात, पाच खाली उघडी. दादांनी दोन रात्रींत तो खेळ आत्मसात केला, म्हणजे त्यातलं त्यांना हवं तेवढं घेतलं. हातात दोन बदाम, खाली दोन बदाम, म्हणजे पाचवा बदाम येणारच, अशी त्यांची श्रद्धा. एका पोराने हिशेब मांडून दाखवला: शेवटचं पान उघडायचं राहिलंय, न दिसलेली पानं 46, त्यांत बदाम 9, म्हणजे साधारण पाचांत एकदा. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अरे, मग हीच ती पाचातली एक.”

शेवटचं पान उलटतं. किलवरची तिर्री.

इथून पुढे दादा बघण्यासारखे असतात. खरी पानं आली की हा माणूस कुरकुरतो. पाठ दुखते, चहा पांचट झालाय, एसी कुणी वाढवला. पण हातात काहीच उरलं नाही की चेहऱ्यावर एकदम संताची कळा चढते. चष्मा पुसतात. बियांचा अख्खा ढीग तळहाताने पुढे सरकवतात आणि समोरच्याला मायेने म्हणतात, “बाळा, तुझं नुकसान नको. सोड. मला काही घाई नाही.” मग कानाची पाळी चोळत छताकडे बघतात. दादा प्रेमाने बोलायला लागले की त्यांचा हात रिकामा, हे आमच्याकडे काल आलेल्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि तरी आम्ही पॅक करतो! दहांतल्या सात वेळा तरी. त्याचं कारण पत्त्यांत नाही. आमच्यापैकी बहुतेकांना पहिल्या दिवशी दम्मामच्या विमानतळावर घ्यायला दादाच आले होते, पिशवीत ठेपले आणि एक जास्तीचं सिमकार्ड घेऊन. एकाचे वडील गावी अत्यवस्थ होते आणि त्याचा एक्झिट-रीएन्ट्री व्हिसा कुठेतरी अडकला होता. दादांनी फोन लावला आणि निवांत आवाजात सांगितलं की पोराचं तिकीट आज रात्री दोनचं आहे, सामान गाडीत आहे, तो माझ्यासमोर उभा आहे. तिकीट नव्हतं. गाडीही नव्हती. पोरगा तेवढा उभा होता. संध्याकाळी व्हिसा झाला. अशा माणसाला बदाम दाखवा म्हणायला जीभ रेटत नाही.

दादांना खोटारडा म्हणणं मला पटत नाही. खोटारडा नसलेलं पान दाखवतो. दादा यायचं राहिलेलं पान खेळतात. मीटिंगमध्ये “ड्रॉइंग झालंय” असं सांगतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात ते खरोखर झालेलं असतं, फक्त कागदावर उतरायचं असतं.

मात्र बलूतमध्ये त्यांची ही विद्या चालत नाही. बलूत हा सौदी लोकांचा जीव की प्राण. 2018 मध्ये रियाधला सरकारी क्रीडा खात्याने त्याची राष्ट्रीय स्पर्धा भरवली, बक्षिसं दहा लाख रियालांच्या वरची. चार भिडू, समोरासमोर जोड्या, 32 पानं. आधी प्रत्येकाला पाच पानं मिळतात, एक मध्ये उघडं पडतं. ते उचलून हुकूम ठरवायचा असेल तर उरलेली पानं हाती यायच्या आधी बोलावं लागतं. यायची पानं! दादांना आणखी काय हवं? साइटवरच्या सौदी सहकाऱ्यांच्या तंबूत बसले की ते पहिल्याच फेरीत छातीवर हात ठेवून “हुकूम” म्हणतात. उरलेली पानं येतात सत्त्या-अठ्ठ्या. हुकमाचा गुलाम, म्हणजे सगळ्यांत मोठं पान, समोरच्याकडे. घोळ असा की बलूतमध्ये पॅक करायची सोय नाही. आठच्या आठ हात खेळावेच लागतात. कितीही मायेने “सोड बाळा” म्हटलं तरी समोरचा सोडणार कसा? त्याला पान टाकावंच लागतं, आणि ते नेमकं गुलामाचं असतं. वर बोली घेणारा कमी पडला की सगळे गुण विरुद्ध जोडीला. दादांचा जोडीदार, एक वयस्क फोरमन, कपाळाला हात लावून कॉफी ओततो. दादा म्हणतात, “माफी मुश्किल”, म्हणजे काही हरकत नाही, “पान येणारच होतं.” पुढच्या आठवड्यात तोच फोरमन त्यांना पुन्हा बोलावतो, आणि दादा पुन्हा पहिल्याच फेरीत छातीवर हात ठेवतात.

चिपळूणला दादांचं घर बांधून होत आलंय, हे आम्ही आलो तेव्हापासून ऐकतोय. मुलगा लवकरच सेटल होणार आहे. कंपनी एक मोठी रक्कम हातात ठेवणार आहे. आणि येत्या डिसेंबरात फायनल एक्झिट घेऊन ते कायमचे गावी जाणार आहेत, असं दर ईदेला चष्मा पुसत, कानाची पाळी चोळत, अगदी प्रेमाने सांगतात. अजून तरी आमच्यापैकी कुणी त्यांना ‘शो’ म्हटलेलं नाही.