एका सरासरीची चाचणी : हवा तो निष्कर्ष काढण्याची शास्त्रशुद्ध रीत

एका सरासरीविषयीच्या परिकल्पनेची चाचणी म्हणजे मूठभर नमुना हाती घेऊन एखाद्या मोठ्या दाव्याला जाब विचारण्याची रीत. पाकिटावर 500 ग्रॅम छापलेले असते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सगळ्या पाकिटांचे सरासरी वजन खरोखर तेवढे आहे का, हे सगळी पाकिटे न फोडता ठरवायचे असते. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकांत ही रीत पायरीपायरीने दिलेली असते आणि त्या पायऱ्यांत काही खोट नसते. मात्र चाचणी करणाऱ्याला निष्कर्ष कोणता हवा आहे, हा व्यवहारातला पहिला प्रश्न ती पुस्तके विचारत नाहीत. प्रस्तुत मार्गदर्शन ती उणीव भरून काढते. उदाहरणासाठी अर्ध्या किलोचा पोह्यांचा चिवडा घेतला आहे. एका बाजूला कारखानदार, दुसऱ्या बाजूला वजनात मारल्याची तक्रार घेऊन आलेला ग्राहक. दोघांनाही येथे सारख्याच निष्ठेने मदत केली जाईल.

प्रथम नमुना. पाकिटे 16 घ्यावीत. यामागचे सैद्धांतिक कारण असे की 16 चे वर्गमूळ 4 येते. परीक्षेतले नमुने बहुधा 16, 25, 36 किंवा 64 याच आकारांचे का असतात, याचाही उलगडा यातच आहे. नमुना यादृच्छिक हवा, म्हणजे कारखान्याच्या उत्पादनातल्या प्रत्येक पाकिटाला निवडले जाण्याची सारखी संधी हवी. त्यासाठी गोदामाची किल्ली, पाकिटांची यादी आणि यादृच्छिक अंकांचा तक्ता लागतो. हे तिन्ही सहसा एका जागी सापडत नाहीत. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून पुढच्या रांगेतली 16 पाकिटे एकदमच उचलण्याची प्रथा आहे. ती एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, कदाचित एकाच तासात भरलेली असतात. त्या तासाला यंत्राचा काटा सरकला असेल तर सोळाही पाकिटे एकच साक्ष सोळा वेळा देतात. अहवालात ‘नमुना यादृच्छिक पद्धतीने निवडला’ असे लिहावे. या वाक्याला वेगळा खर्च येत नाही.

वजन करताना रिकाम्या पाकिटाचे वजन वजा करावे. कारखानदाराच्या बाजूने काम करणाऱ्याने हे विसरले तरी चालते.

समजा, निव्वळ वजने ग्रॅममध्ये अशी आली: 498, 490, 504, 484, 500, 494, 492, 508, 482, 502, 494, 488, 510, 492, 500, 498. यांची सरासरी बरोबर 496. प्रत्येक वजनाचे सरासरीपासूनचे अंतर काढून, वर्ग करून, बेरीज केली की 960 येतात. त्यांना 16 ने नव्हे तर 15 ने भागायचे, कारण सरासरी याच आकड्यांतून काढताना एका आकड्याचे स्वातंत्र्य खर्ची पडलेले असते. 64 उरतात आणि प्रमाण विचलन 8 येते. कॅल्क्युलेटरवर यासाठी दोन बटणे असतात आणि परीक्षेच्या दिवशी हात हमखास दुसऱ्यावर पडतो. मग 7.75 येते. प्रस्तुत उदाहरणात त्याने कोणाचेही नशीब बदलत नाही. 8 ला 16 च्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी 2 मिळते. हा आकडा जपून ठेवावा, कारण सगळी चाचणी याच मापाने चालते. एकेक पाकीट 8 ग्रॅम इकडेतिकडे होत असले तरी 16 पाकिटांची सरासरी साधारण 2 ग्रॅमच इकडेतिकडे होते. दाव्यापासूनची तूट 4 ग्रॅम, म्हणजे दोन प्रमाण त्रुटींइतकी. तूट भागिले प्रमाण त्रुटी या भागाकाराला टी म्हणतात, म्हणून टी ची किंमत उणे 2. प्रत्यक्षातली वजने इतकी गुणी नसतात. हा गुणीपणा खास मार्गदर्शनपर लेखनात आढळतो.

ही दोन प्रमाण त्रुटींची तूट मोठी म्हणायची की किरकोळ, हे ठरवायला तक्ता लागतो, आणि तक्ता कोणता याला इतिहास आहे. समष्टीचे, म्हणजे सगळ्याच पाकिटांचे, प्रमाण विचलन माहीत असेल तर सामान्य वितरणाचा, म्हणजे झेडचा तक्ता चालतो. पण ज्याला सरासरीच माहीत नाही त्याला विचलन कुठून माहीत असणार? विल्यम सीली गॉसेट यांना ही अडचण डब्लिनला आली. ते 1899 पासून गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. सातू आणि हॉप्सच्या प्रयोगांत हाती येणारे आकडे मोजकेच असत. एवढ्याशा नमुन्यातून काढलेले विचलन स्वतःच डळमळीत असते आणि झेडच्या तक्त्याला त्याची दखल नसते. गॉसेट यांनी गणित मांडले आणि पडताळ्यासाठी 3000 गुन्हेगारांच्या उंचीची व डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या लांबीची मापे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून काढली. तुकडे पिसून चार-चारचे 750 नमुने केले आणि आपल्या सूत्राशी ताडून पाहिले. हा निबंध 1908 मध्ये ‘बायोमेट्रिका’त आला. नोकरांनी स्वतःच्या नावाने काही छापू नये असा कंपनीचा दंडक असल्याने लेखकाच्या जागी ‘स्टुडंट’ असे होते. पुढे रोनाल्ड फिशर यांनी त्याला आजचे टीचे रूप दिले आणि मुक्तता मात्रा, वर्गातल्या भाषेत डी.एफ., मोजायला शिकवले. येथे ती 15 आहे.

आता परिकल्पना मांडावी. पुस्तके ही पायरी सर्वांत आधी, वजने हाती येण्यापूर्वी, उरकायला सांगतात. या मार्गदर्शनात ती मुद्दाम येथवर लांबवली आहे, कारण वजने पाहिल्यावर ती कितीतरी सोपी जाते. शून्य परिकल्पना दोन्ही पक्षांना एकच: खरी सरासरी 500 आहे. मेख पर्यायी परिकल्पनेत असते. ‘सरासरी 500 नाही’ असे म्हटले की चाचणी दुहेरी होते, वितरणाच्या दोन्ही टोकांच्या शेपट्यांकडे पाहावे लागते आणि 5 टक्के पातळीला तक्ता 2.131 मागतो. हाती 2 आहेत. शून्य परिकल्पना वाचली, कारखानदार खूश. ‘सरासरी 500 पेक्षा कमी आहे’ असे म्हटले की चाचणी एकेरी होते. पाचही टक्के एकाच शेपटीत गोळा होतात आणि तक्ता फक्त 1.753 मागतो. शून्य परिकल्पना नाकारली गेली, ग्राहक खूश. पाकिटे तीच, गणित तेच. वास्तविक ग्राहकाला जास्त वजनाची तक्रार नसतेच. त्यामुळे त्याने आधीपासून एकेरी चाचणी ठरवली असेल तर ती पूर्ण रास्त आहे. भरणारे यंत्र दोन्हीकडे चुकू शकते अशी चिंता असलेल्या कारखान्यातल्या तंत्रज्ञाने दुहेरी ठरवली तर तीही रास्त. वजने पाहून शेपूट निवडणारा मात्र कागदावर 5 टक्के लिहून प्रत्यक्षात 10 टक्क्यांची सूट घेत असतो.

ग्राहकाला दुहेरी चाचणीचाच आग्रह झाला तर त्याने खचून जाऊ नये. झेडच्या तक्त्यात दुहेरीलाही 1.96 पुरतात. गॉसेट यांचा निबंध निघाल्याला शतक उलटले असले तरी तो न वाचल्याबद्दल कोणावर खटला भरल्याचे ऐकिवात नाही.

याहून नाजूक उपाय म्हणजे नमुन्याची साफसफाई. कारखानदाराने 482 ग्रॅमच्या पाकिटाकडे बारकाईने पाहावे. त्याच्या शिवणीला भोक असण्याची दाट शक्यता आढळेल. ते वगळल्यास 15 पाकिटे उरतात, सरासरी 496.93 होते, विचलन 7.32 वर उतरते आणि टी उणे 1.62 येतो. एकेरी चाचणीलाही आता 1.761 लागतात, म्हणजे ग्राहकाची एकेरी तलवारही म्यान. ग्राहकाने याच न्यायाने 510 ग्रॅमचे पाकीट दमट होते असे म्हणून बाजूला काढावे. मग सरासरी 495.07, टी उणे 2.61, आणि दुहेरी चाचणीची 2.145 ही मर्यादाही आरामात ओलांडली जाते. एकेका पाकिटाच्या जाण्याने निकाल असा कुशीवर वळतो. त्यातही वैधमापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तूंसंबंधीच्या 2011 च्या नियमांत अर्ध्या किलोच्या पाकिटाला 15 ग्रॅमपर्यंतच तूट चालते. कारखानदाराने ज्याला भोक पाडले, त्यात 18 ग्रॅम कमी होते. निरीक्षकाला त्या पाकिटासाठी टी चा तक्ता उघडावा लागला नसता.

सार्थकतेच्या पातळीबद्दल, म्हणजे विद्यार्थ्यांच्या एल.ओ.एस.बद्दल, फार खोलात जाऊ नये. 5 टक्केच का, या प्रश्नाला ‘सर्वत्र तसेच असते’ हे उत्तर बरोबर आणि पुरेसे मानले जाते. फिशर यांनी 1925 च्या पुस्तकात प्रमाण विचलनाच्या सुमारे दुप्पट अंतर ही सोयीची मर्यादा म्हणून सुचवली. सोय बघता बघता धर्मशास्त्र झाली. गॉसेट यांचा कल वेगळा होता. चूक झाल्यास किती पैसे जातात यावर पातळी ठरावी असे त्यांना वाटे. बिअरच्या कारखान्यात नोकरी केली की असे व्यवहारी विचार सुचतात.

संगणकावर काम करणाऱ्याला तक्ता लागत नाही. त्याला पी-व्हॅल्यू मिळते, येथे दुहेरीची 0.064 आणि एकेरीची 0.032. तिचा खरा अर्थ रुक्ष आहे. सरासरी खरोखरच 500 असती, तर केवळ योगायोगाने टी ची किंमत शून्यापासून इतकी किंवा याहून दूर जाण्याची संभाव्यता. अहवालात ही रुक्षता टाळावी. ग्राहकाने ‘कारखानदार प्रामाणिक असण्याची शक्यता फक्त 3.2 टक्के’ असे लिहावे. कारखानदार प्रामाणिक आहे असे गृहीत धरूनच तो आकडा काढलेला असल्यामुळे त्यावरून प्रामाणिकपणाची शक्यता कळत नाही, हे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला 2016 मध्ये खास निवेदन काढून सांगावे लागले. निवेदन सहा मुद्द्यांचे आहे. ठळक मथळ्याला तेवढी जागा नसते. आकडा 0.064 सारखा कुंपणावर बसलेला असेल तर ‘सार्थकतेकडे झुकणारा’ असा शब्दप्रयोग शोभून दिसतो. तो सार्थकतेपासून दूर झुकतो आहे, असे अद्याप कोणी लिहिलेले नाही.

कारखानदाराला पुढच्या वेळी निश्चिंत राहायचे असेल तर त्याने चारच पाकिटांवर भागवावे. सरासरी 496 आणि विचलन 8 च राहिले तरी प्रमाण त्रुटी 4 होते, टी उणे 1, आणि तीन मुक्तता मात्रांना दुहेरी तक्ता 3.182 मागतो. इतक्या लहान नमुन्याला खरी तूट सहसा दिसतच नाही. सोळाचा नमुनाही फार तीक्ष्ण नजरेचा नसतो. खरी सरासरी 496 असताना दुहेरी चाचणी ती तूट निम्म्याहून कमी वेळा पकडते. या नजरेला चाचणीची शक्ती म्हणतात, आणि तो धडा सत्राच्या शेवटी, वेळ उरल्यास, शिकवला जातो. ग्राहकाकडे पैसा असेल तर त्याने उलट जावे आणि 1600 पाकिटे घ्यावीत. सरासरी 499.5 निघाली तरी प्रमाण त्रुटी 0.2, टी उणे 2.5, आणि तूट 5 टक्के पातळीला ‘सार्थ’ ठरते. अर्धा ग्रॅम म्हणजे साधारण एक शेंगदाणा. मथळ्यात शेंगदाण्याचा उल्लेख नसावा.

वजनाने दगा दिल्यास अन्य गुण तपासावेत: मिठाचे प्रमाण, खोबऱ्याच्या कापांची संख्या, पाकिटाची लांबी, कढीपत्त्याची पाने. प्रत्येकाची एकेक सरासरी, प्रत्येकाची एकेक चाचणी. सगळे दावे खरे असले आणि चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्या तरी 5 टक्के पातळीवर अशा 20 चाचण्यांतून निदान एक तरी दावा ‘नाकारला’ जाण्याची संभाव्यता 64 टक्के भरते. जी लागू पडली ती छापावी. उरलेल्या 19 चा उल्लेख जागेअभावी गाळावा.

निष्कर्षाचे वाक्य हे सगळ्या कामाचे फळ आहे. दुहेरी चाचणीचे पाठ्यपुस्तकी वाक्य असे: ‘शून्य परिकल्पना नाकारण्याइतका पुरावा या नमुन्यात नाही.’ यात सरासरी 500 आहे असे कुठेच म्हटलेले नाही. याच 16 पाकिटांवरून काढलेला 95 टक्क्यांचा विश्वास अंतराल 491.74 ते 500.26 असा पसरतो. 500 त्यात जेमतेम मावते, आणि 492 ही मावते. कारखानदाराने अंतराल छापू नये. त्याऐवजी ‘पूर्ण वजन, संख्याशास्त्राने सिद्ध’ असे पाकिटाच्या दर्शनी बाजूला घालावे. ग्राहकाने ‘कारखान्याची लबाडी उघड’ असे लिहावे. तूट यंत्राच्या काट्यामुळे, पोहे वाळल्यामुळे की हेतुपुरस्सर, हे टी कधीच सांगत नाही. न सांगितलेले ऐकू येणे हा संशोधकाचा गुण समजला जातो.

परीक्षार्थींसाठी वेगळी सूचना. परिकल्पना, सूत्र, किंमत घालणे, तक्त्यातील किंमत, तुलना, निष्कर्ष या प्रत्येकाला सुटे गुण असतात. टी चुकला तरी तुलना त्या चुकलेल्या किमतीशी सुसंगत ठेवावी. शेवटी ‘म्हणून शून्य परिकल्पना स्वीकारली’ असे लिहिल्यास काही परीक्षक गुण कापतात, काही देतात. कोणता परीक्षक वाट्याला येईल, हे मात्र पूर्णपणे यादृच्छिक असते.

शेवटी नमुन्याची विल्हेवाट. निव्वळ वजनासाठी पाकिटे फोडावीच लागतात आणि फोडलेला चिवडा दोन दिवसांत सादळतो. तो कार्यालयातल्या चारच्या चहाला सर्वांत वाटून संपवावा. फेरतपासणीची मागणी नंतर आल्यास नमुना उपलब्ध नसल्याचे लेखी कळवावे.