झाडू कोण मारणार?

छत्रपती संभाजीनगरात वॉर्ड तिथे सामाजिक सभागृह हवं, याबद्दल कुठल्याच पक्षाचं दुमत नाही. सगळ्यांचं एकमत झालं की मला धास्ती वाटते. सभागृह म्हणजे आधी भूमिपूजन, नंतर लोकार्पण आणि दोन्ही वेळा चौकात फ्लेक्स. मधल्या काळात कॉलम, स्लॅब, प्लास्टर आणि ज्याचं त्याचं बिल. रोज सकाळी येऊन दार उघडणाऱ्या माणसाचं बिल तेवढं कुठल्या फायलीत सापडत नाही.

आमच्या कॉलनीतल्या सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर काळ्या ग्रॅनाइटची पाटी आहे. निधी कुणाचा, संकल्पना कुणाची, प्रयत्न कुणाचे, प्रमुख उपस्थिती कुणाची, सगळं सोनेरी अक्षरांत. दाराला कुलूप. फुटक्या तावदानातून आत डोकावलं तर मंडपवाल्याच्या लाल खुर्च्यांची चळत, दोन मोठी पातेली, मागच्या निवडणुकीचे गुंडाळलेले झेंडे आणि सोंगट्या नसलेला कॅरम. शेजारच्या काकांना किल्लीचं विचारलं.

"किल्ली भाऊंपाशी असते. भाऊ पुण्याला गेलेत. तुमचं काय आहे, बारसं का तेरावं?"

सभागृहाचा तिसरा काही उपयोग असेल, हे काकांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

भाऊंना तरी काय बोलणार? त्यांना कुणी नेमलंच नाही, तर काढणार कोण! अशी सभागृहं ज्यातून उभी राहतात, त्या खासदार निधीचंच बघा. 1993 पासून योजना चालू आहे, आज एका खासदाराला वर्षाला पाच कोटी. त्यातून टिकाऊ मालमत्ता उभी करायची. पगारासारखा आवर्ती खर्च त्यात बसत नाही. देखभाल कोण करणार याची हमी मात्र काम मंजूर होण्याआधीच वापरणाऱ्या संस्थेकडून घ्यायची, असा दंडक आहे. हमीपत्र येतं, फायलीला लागतं, फाईल कपाटात जाते. तिथून पुढे सभागृह आणि त्याचं नशीब.

मग महापालिकेनं माणूस द्यावा. द्यावा की! पण महापालिकेच्याच उस्मानपुऱ्यातल्या संत एकनाथ रंगमंदिराचं काय झालं, ते शहर विसरलेलं नाही. 2017 साली प्रशांत दामले आणि सुमित राघवन यांनी तिथल्या दुरवस्थेचे जाहीर वाभाडे काढले, तेव्हा गाजावाजा झाला. पुढे दुरुस्तीसाठी पडदा पाडला, तो काही वर्षं वर गेलाच नाही. नटांचा आवाज महाराष्ट्रभर जातो, म्हणून निदान दुरुस्ती तरी निघाली. वॉर्डातल्या सभागृहाचा तुटका नळ जगाला दाखवायला कोणता नट येणार?

ठेकेदार हा सगळ्यांचा लाडका उपाय. तो आला की कुलूप निघतं, हे कबूल. पण त्याला लग्नाच्या तारखा दिसतात, एमपीएससी करणारी पोरं दिसत नाहीत. कोपऱ्यात बसून वाचणारं पोरगं ना डिपॉझिट भरतं ना जनरेटरचं भाडं.

याच शहरात याच्या उलटंही घडलं आहे. जानेवारी 2021 मध्ये, कोरोनानं पोरांची शाळा हिरावलेली असताना, बायजीपुऱ्यात मरियम मिर्झा मोहल्ला बाल वाचनालय सुरू झालं. त्यासाठी कुणी स्लॅब टाकला नाही की पाटी लावली नाही. पुस्तकं, मोहल्ल्यातली जागा आणि पोरांच्या हाती पुस्तक देणारं कुणीतरी, एवढंच भांडवल. पुढे अशी वाचनालयं तिसाच्या वर गेली. अर्थात, हौशी माणसांच्या जिवावर अख्खं शहर चालवा, असं मी म्हणणार नाही. हौसेला पगार मिळाला नाही की तीही वर्ष-दोन वर्षांत नोकरीसाठी पुणं गाठते.

तेव्हा सभागृह वस्तीतल्या महिला बचत गटाकडे द्या. पण 'सेवाभाव' म्हणून नको. व्यवस्था बघणाऱ्या बाईला आणि सफाई कामगाराला किमान वेतन, तेही महापालिकेच्या अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करून. भाड्याचे दर भिंतीवर रंगवा आणि बुकिंगची वही टेबलावर उघडी ठेवा, म्हणजे कुणाचं नाव खोडून कुणाचं लिहिलं ते सगळ्यांना दिसेल. सकाळी अभ्यासिका, दुपारी शिवणकाम, संध्याकाळी ज्येष्ठांचा कॅरम, सोंगट्यांसह. लग्नांना महिन्याचे ठरावीक दिवस, मग मुहूर्त कितीही असोत. आणि बचत गटावर लक्ष कोण ठेवणार? क्षेत्रसभा, म्हणजे त्या भागातल्या मतदारांची सभा. 2009 सालीच कायद्यात तिची तरतूद झाली आहे. ती भरलेली पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय.

पगाराला पैसे नाहीत, असं उत्तर येईल, ठाऊक आहे. मग निदान एवढा ठराव तरी करा: ज्या वर्षी पगाराची तरतूद नाही, त्या वर्षी नवं भूमिपूजन नाही. तसेही नारळ महागलेत.