लॅपटॉपचा काळोख : मेहुण्यासमक्ष करावयाचे निदान

लॅपटॉपचा पडदा माणूस घरात एकटा असताना कधीच जात नाही. तो जातो तेव्हा किमान एक जाणकार हजर असतोच. आमच्याकडे हे पद मेहुण्याकडे आहे. त्याचे निदान लॅपटॉप बघण्याआधीच तयार असते. “दाजी, मदरबोर्ड गेला.” पडदा काळा असो, निळा असो, स्पीकर खरखरत असो; वाय-फायचा पासवर्ड चुकत होता तेव्हासुद्धा मदरबोर्डच गेला होता. अशा परिस्थितीत डोके शांत ठेवून काम करू इच्छिणाऱ्या गृहस्थांसाठी ही मार्गदर्शिका.

साहित्य : एक टॉर्च, एक एचडीएमआय केबल, एक खोडरबर आणि जाणकाराला गुंतवून ठेवायला एखादे बाहेरचे काम. चहा देऊन भागत नाही. कप हातात घेऊन तो तिथेच उभा राहतो. दूध आणायला पाठवावे.

नियम पहिला. यंत्र मेले आहे की नुसते अंधारात बसले आहे, ते आधी ठरवा. कॅप्स लॉक दाबा. त्यावरचा बारीक दिवा लागत-विझत असेल, तर आत सगळे जागे आहे, फक्त आपल्याला दिसत नाही. पंखा फिरतोय पण कॅप्स लॉक दाद देत नाही, असे असेल तर गाडी सुरुवातीलाच अडली आहे. त्याचा विचार पुढे.

नियम दुसरा. सूर्याचे चित्र असलेले बटण दाबा, एकदा नुसते आणि एकदा एफएन धरून. या एका बटणाने आजवर किती मदरबोर्ड वाचवले असतील! पडदा काळा नसून नुसताच मंद असेल तर बॅटरी बघा. ती वीस टक्क्यांच्या आसपास आली की बचतीचा मोड आपोआप सुरू होऊन उजेड कमी होतो. आणि कृपया लॅपटॉप बाल्कनीतून आत आणा. साध्या लॅपटॉपचा उजेड अडीचशे-तीनशे निट्सचा. एप्रिलच्या दुपारी त्याने सूर्याशी काय झगडावे?

नियम तिसरा. विंडोज आणि पी. ऑफिसात प्रोजेक्टर जोडताना कोणीतरी ‘फक्त दुसरा पडदा’ निवडून ठेवलेला असतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबले तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि बीप वाजते. ही चार बटणे एका हाताने दाबता आली तर बघणाऱ्यांवर छाप पडते. मेहुण्यावर पडत नाही.

नियम चौथा, चुंबकाचा. पडद्याच्या चौकटीत एक छोटे चुंबक असते आणि कीबोर्डच्या बाजूला ते ओळखणारा हॉल सेन्सर. झाकण मिटले की चुंबक जवळ येते आणि लॅपटॉप झोपतो. चुंबक कोणाचे, याची चौकशी सेन्सर करत नाही. मोबाइलच्या कव्हरचे असेल तरी त्याला चालते. आता आमच्या मेहुण्याने रक्तदाबासाठी मनगटात चुंबकीय कडे घातले आहे. रक्तदाबाचे काय झाले ते त्याच्या डॉक्टरांना ठाऊक. लॅपटॉपवर मात्र गुण लगेच येतो. त्याने कीबोर्डवर हात टेकला की काळोख, आणि “बघा, गेला!” म्हणून हात उचलला की थोड्या वेळाने उजेड. हे कडे काढून आणि घालून मी त्याला सप्रयोग दाखवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. “म्हणजे मदरबोर्ड वीक आहे,” तो म्हणाला.

नियम पाचवा. टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. एलसीडी पडदा स्वतः उजेड देत नाही. त्याच्यामागे बॅकलाइट असतो. साधारण 2010च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये त्यासाठी बारीक नळी असायची, ती थकली की पडदा गुलाबी दिसू लागे. आता एलईडीची पट्टी असते. टॉर्चच्या झोतात अक्षरे पुसट दिसली, तर चित्र शाबूत आहे आणि बॅकलाइट गेला आहे. ओलेड पडद्याला बॅकलाइटच नसल्याने तिथे हा प्रयोग निरर्थक. हे सगळे खोली अंधारी करून करायचे असते. नेमक्या त्या क्षणी जाणकार ट्यूबलाइट लावतो. “तुम्हाला दिसत नाही ना, म्हणून लावला.” काय बोलणार? प्रेमानेच लावलेला असतो.

नियम सहावा. टीव्ही जोडून बघा. तिथे चित्र आले, तर दोष पडद्याच्या बाजूला आहे.

नियम सातवा. पडदा मागेपुढे करताना उजेड ये-जा करत असेल, तर बिजागरीतून जाणारी केबल. एका कोपऱ्याला धरून झाकण उघडणारे लोक तिची ही गत करतात. नावे घेत नाही.

पहिल्या नियमात अडकलेल्यांनी चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर काढावी आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. तरीही काळोखच राहिला तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसाव्यात, कीस झटकावा आणि परत बसवावी. कोकणातल्या पावसाळ्यानंतर हा उपाय विशेष लागू पडतो.

आता एक अप्रिय बाब. बॅकलाइट जातो तेव्हा दरवेळी पट्टीच जळलेली असते असे नाही. तिच्या वाटेवर तांदळाच्या दाण्याहून लहान फ्यूज असतो. बॅटरी न काढता कोणी पडद्याची केबल उपसली तर तो उडू शकतो. हा फ्यूज मदरबोर्डवर असतो. हे वाक्य घरात मोठ्याने वाचू नये.

आमच्याकडे ते वाचायची गरजच पडली नाही. घरचे उपाय हरले तेव्हा लॅपटॉप पाठीला लावून, भर उन्हात स्कूटरवरून पुण्याच्या तपकीर गल्लीत गेला तो मेहुणाच. अशा ठिकाणी मला भाव करता येत नाही. दुकानदार म्हणाला, पडदा बदलावा लागेल. नवा पडदा घेताना मागच्या बाजूचा पार्ट नंबर जुळवायचा असतो, तीस पिनांचा की चाळीस ते बघायचे असते आणि जुना पडदा परत मागायचा असतो, हे सारे मी त्याला फोनवर नीट समजावले. त्याने यातले काही केले नाही. काउंटरवर कोपर टेकून दुकानदाराला एवढेच सांगितले, “पडद्याचं राहू दे. आधी मदरबोर्ड बघ.”

फ्यूजच उडाला होता. पडद्याचे पैसे वाचले. दिवाळीपर्यंत हा विषय निघणार, आणि जेवताना निघणार.