मियाटावाले काका

न्यू जर्सीत एडिसनला मराठी माणूस साठीला आला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात: मंडळाची कार्यकारिणी नाहीतर जुनी मियाटा. आमच्या काकांनी दुसरी धरली. 1989 साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदाने ही दोन सीटांची, उघड्या टपाची गाडी आणली, तेव्हा काकांचे डॉलर धाकट्या भावाच्या फीला जात होते. आता भाऊ निवृत्त झाला, मुलं मार्गी लागली आणि गाडी दारात आली. आली तीच गुरगुरत.

गरम झाल्यावर जागेवर उभ्या मियाटाने साडेआठशे आरपीएमवर शांत राहावं. काकांची पंधराशेवर असते. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या पोराला वाटतं, आजोबा शर्यत लावताहेत.

दुसरा कुणी गॅरेजात गेला असता. काका म्हणतात, ‘‘गॅरेजवाला दुरुस्त करेल हो, पण निदान कोण करणार?’’

निदानाला क्रम असतो. आधी थ्रॉटलची केबल ताणली आहे का ते पाहायचं. मग थ्रॉटल मिटल्याचं कॉम्प्युटरला कळवणारा स्विच. मग कूलंट, कारण गार इंजिनाला जादा हवा देणारी झडप मेणावर चालते. कूलंट तापला की मेण फुगतं, झडप मिटते. कूलंट कमी असला तर झडपेच्या लेखी दिवसभर पहाटच. आयडलचा स्क्रू सर्वांत शेवटी. निदानाच्या डबीत ‘टीईएन’ आणि ‘जीएनडी’ तारेने जोडल्याशिवाय जो स्क्रू पिळतो, त्याच्याशी काका सोयरीकसुद्धा करणार नाहीत.

पण त्यांचा खरा वैरी म्हणजे चोरहवा. चिरलेल्या नळीतून ती हवामापकाला चुकवून आत शिरते, नाव न नोंदवता मंडळाच्या गणपतीला जेवायला आलेल्या पाहुण्यासारखी. हिशेब बिघडतो तो स्वयंपाक्याचा. म्हणून काका एकेका सांध्यावर कार्ब क्लीनर फवारतात आणि कान टवकारतात. जिथे फवाऱ्याने रेस बदलेल, तिथे चीर. संक्रांतीला तिळगूळ देतानाही ते मोबाइलवर इंजिनाचा आवाज ऐकवतात. ‘‘दर चार सेकंदांनी चढते-उतरते, ऐकलंत?’’ माणसं तिळगूळ तोंडात टाकून गोड बोलत सटकतात.

शेवटी नळी सापडली. मॅनिफोल्डखाली, हाताला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही अशा जागी, बोटभर चिरलेली. नवी बसवली आणि काटा साडेआठशेवर येऊन बसला.

काकू स्कार्फ बांधून तयार. ‘‘अहो, झालं ना? चला आता समुद्रावर.’’

‘‘अगं, असं कसं? कशामुळे बरी झाली, हे सिद्ध नको का व्हायला?’’

काकांनी नवी नळी काढून जुनी पुन्हा बसवली. काटा पंधराशेवर चढला. निदान अचूक! काकांचा चेहरा फुलला. मग जुनी उपटताना मागचं तीस वर्षांचं प्लास्टिकचं तोंड मुळापासून तुटून हातात आलं.

काकूंनी स्कार्फ सोडला आणि कुकर लावला. काका वाकून तुटलेला तुकडा उजेडात धरत म्हणाले, ‘‘बघ, हा वेगळाच प्रकार आहे.’’