घोडा राहतो, स्वार जातो

झाडांच्या सावलीतून, दुतर्फा पुतळे बघत रमतगमत फिरायचं तर माद्रिद गाठावं. तिथल्या रेतिरो बागेत स्पेनच्या राजांची रांगच उभी आहे. हे राजे मुळात राजवाड्याच्या माथ्यावर चढवायला घडवलेले. वर नकोसे झाले, म्हणून बागेत आले. आपल्याकडे वरून उतरवलेला माणूस बागेत जात नाही, महामंडळावर जातो.

दौंडकराला फिरायला एवढी यातायात नको. त्याला फलाट आहे. मनमाडची लाइन १८७८ची. पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडात एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचं, तेवढ्यात अख्ख्या गाडीची शतपावली उरकायची. पुतळ्यांची उणीव भासत नसे. हातात चहा धरून इंजिनाच्या वाटेकडे डोळे लावलेली माणसं काही कमी निश्चल नसत! आता कॉर्ड लाइन झाली, कित्येक गाड्या बाहेरूनच सटकतात. वेळ वाचला म्हणे. तो वाचवून सगळे मोबाइलमध्ये मान घालून बसलेत.

शिरूरला फिरायचं म्हणजे नगर रस्त्याच्या कडेनं, ट्रकचा वारा खात. पण या घोडनदीनं (जुनी माणसं शिरूरला हेच म्हणतात) एक गंमत करून ठेवलीय. इथे इंग्रजांची छावणी होती. १८०३च्या असईच्या लढाईत मराठ्यांविरुद्ध लढलेला कर्नल विल्यम वॉलेस १८०९मध्ये इथेच वारला. गावकऱ्यांनी काय करावं? त्याला 'सत्पुरुष' ठरवलं! सुगीचं नवं धान्य त्याच्या थडग्यापुढे नैवेद्याला येऊ लागलं. गॅझेटियरात तशी नोंदच आहे. ना पुतळा, ना अनावरण, ना फीत कापायला कुणी पाहुणा. आमच्या पुतळ्यांना वर्षातून दोनदा हार मिळतो, एरवी कावळे. धान्य आणून ठेवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

उलट मुंबईत सातव्या एडवर्डचा थाट बघा. खुद्द बादशहा, वर काळा घोडा. तरी १९६५मध्ये दोघांची राणीच्या बागेत बदली झाली. चौक बादशहाला विसरला, नाव घोड्याचं धरून बसला. २०१७मध्ये तिथे पुन्हा नवा घोडा उभा केला.

या वेळी पाठ मोकळीच ठेवलीय.