रिकाम्या बाटल्यांची बदनामी

भरलेली बाटली दिसली की लोक विचारतात, आत काय आहे? रिकामी दिसली की काहीच विचारत नाहीत, तुमच्या डोळ्यांकडे निरखून बघतात. मी काठी नावाच्या गावात गुरुजी. घराच्या पूर्वेकडच्या खिडकीत फळ्या ठोकून मी जुन्या रंगीत बाटल्या मांडल्या, आणि तेव्हापासून गावात माझे डोळे तपासले जात आहेत.

बाटल्या मिळवणं सोपं, घरी आणणं अवघड. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, तिथवर काही वाटत नाही. पण अक्कलकुवा सोडून मोलगीच्या वाटेला लागलं की देवगोईचा घाट येतो. टॉवेलात गुंडाळा, लुंगीत गुंडाळा, पहिल्याच वळणाला पिशवी बोलायला लागते आणि दुसऱ्या वळणाला अख्खी एसटी गप्प बसून ऐकते.

“औषधाच्या आहेत,” मी कंडक्टरला न विचारता सांगितलं.

“सगळे तसंच म्हणतात, गुरुजी,” तो म्हणाला, आणि फुटू नयेत म्हणून स्वतःची जागा देऊ केली. इतका आदर मला शिक्षक म्हणून कधी मिळाला नव्हता.

सासूबाई धुळ्याहून आल्या तेव्हा खिडकीत सकाळचं ऊन आलेलं होतं. भिंतीवर निळे, हिरवे, तपकिरी कवडसे पडले होते. त्यांनी भिंत पाहिलीच नाही. बाटल्या मात्र पाहिल्या, वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत, आणि स्वयंपाकघरात जाऊन लेकीला हळू आवाजात विचारलं, “बाई, जवाई बरा शे ना?” लेकीनं तोंडाला पदर लावला. तो रडू आवरायला असावा असा सासूबाईंचा समज झाला, आणि त्या दिवशी मला वाढलेल्या भाकरीवर तूप आलं नाही.

मी बचावाचं भाषण तयार ठेवलं आहे. हिरवी बाटली हातात घ्यायची आणि अंगठ्याचं नख बुडापासून वर सरकवायचं. साच्याच्या दोन अर्धुकांचा सांधा नखाला लागतो. केसाएवढी ती रेघ खांद्यावरून मानेवर चढते आणि ओठाच्या जरा खाली एकदम नाहीशी होते. म्हणजे ओठ कारागिरानं नंतर हातानं घडवला. 1903 साली अमेरिकेत मायकेल ओवेन्सनं बाटल्या करणारं यंत्र काढलं, त्यानंतरच्या यंत्राच्या बाटल्यांवर ही रेघ थेट ओठावर जाते. काचेत अडकलेला तिळाएवढा बुडबुडाही मी दाखवतो. पाहुणे “अस्सं” म्हणतात आणि बाटलीचा वास घेतात.

हिरवा रंग वाळूतल्या लोखंडाचा, निळा कोबाल्टचा. तपकिरी काच औषधाचा उजेडापासून बचाव करते, म्हणून डॉक्टरांकडे ती जास्त. माझी लाडकी बाटली निळी, अंगावर उभ्या धारा असलेली. इंग्लंडात विषाच्या बाटल्यांना अशा धारा ठेवत. रात्री दिवा न लावता खोकल्याचं औषध घ्यायला उठलेल्या माणसाच्या बोटांना चूक कळावी म्हणून. हे मी कौतुकानं सांगितल्यापासून बायको त्या फळीवर डबे ठेवत नाही. सोय झाली.

गोटी सोड्याच्या बाटलीला मात्र कोणी नावं ठेवत नाही, कारण जत्रेत प्रत्येकानं तिचा ‘फट्’ ऐकलेला असतो. हिराम कॉड नावाच्या इंग्रजानं 1872 साली तिचं पेटंट घेतलं. सोड्याच्या वायूनंच गोटी वर ढकलली जाऊन मानेतल्या रबराच्या कड्याला घट्ट बसते. बुचाची भानगड नाही. पण आतली गोटी हवी म्हणून पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या या बाटल्या फोडल्या. माझ्या वर्गातली पोरं ती बघायला आली की मी दारात उभा राहतो.

देशी काचेचा अभिमानही मी भाषणात घालतो. तळेगाव दाभाड्याचा काच कारखाना 1908 साली पैसा फंडातून उभा राहिला, लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून. इथपर्यंत आलो की ऐकणारा म्हणतो, “गुरुजी, एकेक पैसा जमवून लोक बाटल्याच करणार.”

गुजरातची हद्द इथून जवळच. पलीकडून आलेले पाहुणे खिडकीपाशी जरा जास्त रेंगाळतात. 1949 चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा दोन्हीकडचा मूळपुरुष, पण वंशज वेगळे निघाले. एकानं तर मला बाजूला घेऊन, “भरलेल्या आत ठेवता का?” असं अदबीनं विचारलं होतं.

सगळ्यांत परखड मत शेजारच्या म्हातारबाबांचं. त्यांनी सगळ्या फळ्या पाहिल्या आणि म्हणाले, “काच पडली की संपली. रिकामंच टांगायचं तर हे टांगा,” आणि संध्याकाळी घरचा जुना तुंबा आणून दिला. वाळलेला दुधी, हाताळून हाताळून तांबूस काळा झालेला, मान जराशी वाकडी, गळ्याला दोरी. मी तो मधल्या खिळ्याला अडकवला.

मग होळी आली. काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. रात्रभर ढोल, मोरपिसांचे टोप, अंगभर रंगाचे ठिपके, कमरेला वाळलेले दुधी बांधलेले बुध्या. नवस असलेली माणसं पाळणी पाळतात, दारूला शिवत नाहीत. बघायला आलेले शहरातले पाहुणे मात्र सकाळी चहाला माझ्याकडे. खिडकीत कोवळं ऊन, सगळे रंग पेटलेले, मी नख तयार ठेवून उभा. एकानंही बाटल्यांकडे पाहिलं नाही. सगळे तुंब्याभोवती. “किती अस्सल!” “किती निसर्गाच्या जवळ!” एका बाईंनी तर तो खिळ्यावरून काढला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

“वा! हा रानाचा वास आहे ना?”

म्हातारबाबा ओट्यावर बसले होते. त्यांच्या वडिलांपासून त्या तुंब्यात मोहाची दारू भरली जात होती.

“रानाचाच,” ते म्हणाले.

बाईंनी तुंबा शेजारच्या पाहुण्याकडे दिला. तो चारदा फिरला. माझ्या एरंडेलाच्या बाटल्यांकडे बघून मात्र एकजण मला हळूच म्हणाला, “सर, जरा कमी करा.”