डिप्लोमावाला

दहावीचा निकाल लागला की घरात एक बैठक भरते. ज्याच्या आयुष्याचा निकाल लागायचा असतो तो सोडून तिथे सगळे बोलतात. "अकरावी-बारावी म्हणजे नुसती क्लासची फी, वर सीईटी," असं काका म्हणतात. "डिप्लोमा कर, थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला," हे वाक्य पडलं की चर्चा संपते. पोराला विचारतात तेव्हा पोहे संपत आलेले असतात. तो "चालेल" म्हणतो आणि सोळाव्या वर्षी नातेवाइकांत 'आमचा इंजिनिअर' होतो. त्या दिवसापासून आत्याचा मिक्सर, शेजारच्या काकूंची इस्त्री आणि देवळातला लाउडस्पीकर या त्याच्या जबाबदाऱ्या. आपण मेकॅनिकलला आहोत हे तो सांगून पाहतो. "असू दे, बघ तरी," असं आत्या म्हणते.

पाठीवर मिनी ड्राफ्टर आणि शीट ठेवायची नळी, ही त्याची खूण. एसटीत कंडक्टर विचारतो, "काय रे, मासे पकडायला?" कॉलेजात गेल्यावर पहिला धक्का इंग्रजीचा. मराठी शाळेत त्वरण, घनता, श्यानता म्हणत मोठा झालेला हा मुलगा डेफिनिशन पाठ करताना स्वल्पविरामही पाठ करतो.

दुसऱ्या सेमिस्टरला अप्लाइड सायन्स येतं. अर्धं फिजिक्स, अर्धं केमिस्ट्री. या विषयात आपला गडी खऱ्या अर्थाने घडतो. पुस्तकात पोलादाचा यंग्ज मॉड्युलस दिलेला असतो. तो उत्तरापासून सुरुवात करून उलट येतो. आधी सरासरी, मग रीडिंग, जमलं तर प्रयोग. सगळी रीडिंग तंतोतंत जुळली तर सरांना संशय येतो, म्हणून एक मुद्दाम बिघडवायचं, हे तो पहिल्या महिन्यात शिकतो. (पुढे कारखान्यात रिपोर्ट लिहिताना ही विद्या उपयोगी पडत नाही, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.) टायट्रेशनमध्ये फिकट गुलाबी रंग यायला हवा, याचा थेट राणी कलर येतो. मग ब्युरेटचं रीडिंग शेजाऱ्याचं बघून 10.2 लिहायचं. शेजाऱ्याने ते याचंच बघून लिहिलेलं असतं. तीनदा 10.2 आलं की सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) 10.2, सर सही करतात आणि विज्ञान पुढे सरकतं.

प्रकाशशास्त्र मात्र तो मनापासून शिकतो, तेही रात्री हॉस्टेलवर. दोन खुर्च्यांवर खिडकीची काच ठेवायची, खाली दिवा, वर सीनियरचं शीट, त्यावर कोरं शीट. याला जीटी मारणं म्हणतात. सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलमध्ये काच न काढलेली खिडकी सापडत नाही. वर्कशॉपमध्ये पन्नास मिलिमीटरचा जॉब घासत घासत सत्तेचाळीसवर येतो, "सर, अजून किती घासू?" या प्रश्नाला सर उत्तर देत नाहीत, नुसतं बघतात.

परीक्षा सत्तर मार्कांची. बोर्ड मॉडेल आन्सर प्रसिद्ध करतं, आणि जुन्या उन्हाळी-हिवाळी पेपरांचा जेवढा अभ्यास हा करतो तेवढा पेपर काढणारेही करत नसतील. केटी लागली तर घरी सांगायची रीत ठरलेली: "पेपरच हार्ड होता, सगळ्यांनाच लागली." आई सगळ्यांसाठी हळहळते.

तीन वर्षांनी तो डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात येतो आणि मागच्या बाकावरून जाहीर करतो, "हे आम्ही डिप्लोमाला केलंय." व्हर्नियर उलटा धरणाऱ्या बारावीवाल्यांकडे तो करुणेने पाहतो. ही ऐट एम-थ्रीच्या पहिल्या लेक्चरपर्यंत टिकते. फळ्यावर लाप्लास येतो, बारावीवाले भराभर इंटिग्रेशन उतरवतात आणि याला एकदम तहान लागते.

तरी माझं मत विचाराल तर मी याच्याच बाजूने आहे. चाकण असो, भोसरी असो की वाळूज, मशीन बंद पडलं की एकजण मेल टाईप करायला घेतो, दुसरा मीटिंग बोलावतो आणि हा पाना घेऊन कव्हर उघडतो. सगळं डोक्यात नसतं, पण कुठला नट आधी सैल करायचा ते हाताला माहीत असतं. सीईटीच्या पर्सेंटाईलमध्ये ते मोजायची सोय नाही.

तुमच्या घरी यंदा कोणी डिप्लोमाला जाणार असेल तर एवढंच करा: नवा ड्राफ्टर विकत घेऊ नका. गल्लीत कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर एक पडलेला असतोच. तोच मागून आणा, आणि जर्नलही त्याच्याकडूनच घ्या. रीडिंग चांगली असतात.